वर्तणूक

गुलटेकडीला, कांद्याच्या गाळ्यांमागे आमची शाळा.
आधी गोदाम होतं. पाटी लावलेली नाही,
पोरांनीच नको म्हटलं.
मी इथे फाटक उघडतो, दाखले फायलीला लावतो,
आणि कुणी पळालं तर स्वारगेटपर्यंत
मागे मागे चालत जातो.
धावायचं नाही, हेमांगीताईंनी सांगितलंय.
धावलं की पोरगं आणखी पळतं.

त्याआधी बावीस वर्षं कंडक्टर, कात्रज ते शिवाजीनगर.
किती पोरं खाली उतरवली,
तिकीट नाही म्हणून, मस्ती केली म्हणून.
दोरी दोनदा ओढली की गाडी निघते.
मागे कोण राहिलं ते ड्रायव्हरला आरशात दिसतं,
कंडक्टरला नाही.

इथे येणारं प्रत्येक पोर दाखला घेऊन येतं.
एकाने बाईंच्या स्कूटीची सीट फाडलेली,
एकाने शेजारच्याचा कान,
एक नुसताच बाकाखाली बसून राहायचा, वर्षभर.
दाखल्यावर मात्र सगळ्यांचं एकच:
वर्तणूक – चांगली.
शाळा सोडण्याचे कारण – पालकांच्या विनंतीवरून.
शिक्का गोल, ठसठशीत,
मारणाऱ्याचा हात जरासुद्धा न हललेला.

रेवण चिंचकर, वय अकरा.
त्याच्या आईला विचारलं, तुम्ही विनंती केली होती?
म्हणाली, केली ना.
काढू नका म्हणून.

गोदामाचा जुना वजनकाटा अजून दाराशी आहे,
दांडीवर वजन सरकवायचा, जमिनीत बसवलेला.
पहिले नऊ दिवस रेवण वर्गात आला नाही,
काट्यावर उभा राहिला.
किती?
एकतीस.
पाच मिनिटांनी पुन्हा, किती?
एकतीसच रे.
दहाव्या दिवशी मी वैतागून न बघताच म्हणालो, बत्तीस,
तर मनगटाला कडकडून चावला.
खोटं त्याला लगेच कळतं.

मग ती खुर्ची.
गणिताच्या तासाला फेकली त्याने.
खिडकीची जाळी वाकली, लागलं कुणाला नाही.
ताई ओरडल्या नाहीत. मला राग आला, त्यांचाच.
म्हणाल्या, कुणी उचलायची नाही.
तीन दिवस खुर्ची आडवी.
अख्खी शाळा तिला वळसा घालून जेवायला जायची,
संगव्वा तेवढा तुकडा सोडून झाडायची.
चौथ्या सकाळी खुर्ची उभी.
कुणी केली, विचारायचं नाही असं ठरलं होतं.
मी फाटक सातला उघडतो. मला माहीत आहे.

सुधारला बिधारला म्हणणार नाही.
परवाच अल्ताफच्या डब्यात माती टाकली,
मग स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवला, झाकणही न काढता,
आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

आता बिबवेवाडीची एक शाळा त्याला घेते म्हणते, सातवीत.
दाखला मी भरायचा.
रकाना दोन बोटांचा.
चांगली लिहावं, तर तो वाचेल,
वाचतो आता, ओठ हलवत.
चावतो लिहावं, तर ते वाचतील.
पडलेली खुर्ची कुणी बघत नसताना उचलतो,
याला शिक्षण खात्यात शब्द नाही.
दुपारभर पेन उघडं. शाई वाळली.

पाचला तो आलाच. दप्तर टाकलं,
काट्यावर उभा.
किती?
मी चष्मा पुसला, दांडी सरकवली, दोनदा पाहिलं.
चौतीस.
खरं?
खरं.
आता तुम्ही चढा, म्हणाला.

चढलो. बाहेर हमालांची आरडाओरड,
कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.
तो दांडीशी वाकला, जिभेचं टोक दातांत,
वजन केसभर पुढे, केसभर मागे,
मग माझ्या पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे.
सदुसष्ट, म्हणाला.

गेली सहा वर्षं मी त्र्याहत्तर आहे.
चावलो नाही.